लघु ध्वनिप्रकाशनांची सूची : नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा पट्ट्यातील प्रकल्प नोंदी

9 सप्टेंबर 2024

पूर्व विदर्भातील नागभीड, ब्रह्मपुरी आणि वडसा या पट्ट्यातील स्वतंत्र गायक-वादक, भजन मंडळे आणि नाटकांत गाणारे कलावंत यांनी कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना काढलेली छोटी ध्वनिप्रकाशने शोधायची, प्रत्येक प्रकाशन निदान एकदा पूर्ण ऐकायचे आणि त्याची व्यवस्थित नोंद आमच्या वाचनालयात ठेवायची, या कामाला आज सुरुवात केली. पुस्तक आले की लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या लिहिल्याशिवाय आपण ते कपाटात लावत नाही. गाण्यांच्या बाबतीत मात्र या भागात अशी नोंद कोठेच होत नाही, आणि त्यामुळे गेल्या पोळ्याला निघालेले गाणे यंदाच्या पोळ्याला शोधूनही सापडले नाही, अशी तक्रार वाचनालयात येणाऱ्यांकडूनच ऐकली.

सूचीत काय घ्यायचे हे आधी ठरवणे भाग होते. ॲपल म्युझिकच्या नियमानुसार 1 ते 3 गाणी असतील, प्रत्येक गाणे 10 मिनिटांच्या आत आणि एकूण अवधी 30 मिनिटांच्या आत असेल, तर ते ‘सिंगल’. 4 ते 6 गाणी 30 मिनिटांच्या आत बसत असतील तर ‘ईपी’. गाणी तीनपर्यंतच असली तरी त्यांतील एखादे 10 मिनिटांचे किंवा त्याहून मोठे असेल आणि एकूण अवधी 30 मिनिटांच्या आत असेल, तर तेही ईपीच धरले जाते. म्हणजे एखाद्या मंडळाने शेवटच्या गजरासह 12 मिनिटांचे एकच खंजिरी भजन काढले, तर ते कागदोपत्री ईपी ठरते. ही वर्गवारी आमच्या गाण्यांना फारशी शोभत नाही, तरी ती मी ठेवली आहे, कारण पुढे या नोंदी म्युझिकब्रेन्झसारख्या मुक्त संगीतकोशात घालायच्या झाल्या तर तेथेही अल्बम, सिंगल, ईपी अशाच प्रकारांत त्या बसवाव्या लागतील. तिच्या जोडीला ‘प्रसंग’ हा आमचा स्वतःचा रकाना राहील. पोळा, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), महाशिवरात्र, भीमजयंती यांपैकी कोणत्या निमित्ताने प्रकाशन निघाले हे त्यात लिहायचे. या भागात गाणे निघते ते प्रसंगासाठी, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही ते प्रसंगामुळेच राहते.

22 सप्टेंबर 2024

केवळ मोबाइलवर शोधून किती हाती लागते, हे या दोन आठवड्यांत तपासले.

पहिली अडचण लेखनाची आहे. ‘झाडीपट्टी’ हे आमच्या या भागाचे नाव रोमन लिपीत लिहिताना कोणी आरंभी झेड लावतो, कोणी झेड-एच, कोणी जे-एच. पुढे टी एक की दोन, हेही ज्याचे त्याने ठरवलेले असते. देवनागरीतही खंजिरी, खंजरी आणि खंजेरी, तसेच दंडार आणि दंढार (येथील नाच-गाण्यांचे लोकनाट्य) अशी रूपे चालतात. म्हणून शोधशब्दांचा स्वतंत्र तक्ता केला असून प्रत्येक विषयाचा शोध त्यातील सर्व रूपांनी घ्यायचा, असे ठरवले आहे. यूट्यूबवर निकाल लोकप्रियतेऐवजी अपलोडच्या तारखेने लावले, तेव्हा जुनी गाजलेली गाणी खाली सरकली आणि चाळीस-पन्नास वेळाच ऐकले गेलेले नवे गाणे डोळ्यांसमोर आले. स्पॉटिफायच्या शोधपेटीत दोन खुणा उपयोगी पडतात. ‘टॅग’ या शब्दाला लागून अपूर्णविराम देऊन ‘न्यू’ लिहिले, की मागील दोन आठवड्यांतील प्रकाशनांपुरता शोध मर्यादित होतो, आणि त्याच जागी ‘हिपस्टर’ लिहिले, की लोकप्रियतेच्या तळाच्या 10 टक्क्यांतील प्रकाशने तेवढी दिसतात. दोन्ही रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहावे लागतात. आमच्यासारख्या शोधकांसाठी ही दुसरी खूण फार मोलाची आहे.

या सेवा आपण होऊन जे सुचवतात, त्यात मात्र आमचा परिसर जवळजवळ येतच नाही. ज्यांनी एक गाणे ऐकले त्यांनी दुसरे कोणते ऐकले, या मेळावर सुचवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणात चालते, आणि ज्याला श्रोतेच थोडे त्याचा मेळ घालायला माहितीच नसते. शिवाय आमच्याकडे घरात बहुधा एकच चांगला मोबाइल असतो. पहाटे आजोबा त्यावर भजन लावतात, दुपारी मुले बालगीते पाहतात, संध्याकाळी धानाचा बाजारभाव पाहिला जातो आणि रात्री कोणीतरी नाटकातील लावणी ऐकतो. हे सारे एकाच खात्यावर जमा होत असल्याने, खंजिरी भजन आवडणाऱ्याला शेजारच्या तालुक्यातील दुसरे मंडळ सुचवावे, एवढी स्वच्छ ओळख त्या खात्याची कधी होतच नाही.

6 ऑक्टोबर 2024

बसस्थानकाजवळच्या मोबाइल दुकानात पुष्कळ वेळ बसलो. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले, तरी मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह भरून नेण्याची रीत संपलेली नाही. ट्रॅक्टरवर, पिठाच्या गिरणीत आणि डीजेच्या गाडीवर अजून पेन ड्राइव्हच चालतो. दुकानदाराच्या संगणकावर ‘भीमगीत’, ‘भजन’, ‘दंडार’, ‘गोंडी’ आणि ‘नाटक’ अशा नावांचे फोल्डर आहेत, आणि इंटरनेटवर कोठेही न सापडलेली गाणी त्यांत आहेत.

त्याच्या परवानगीने ‘दंडार’ फोल्डरमधील फायली उघडून पाहिल्या. एका फायलीचे नाव नुसते ‘ट्रॅक 07’ असे होते; गायकाच्या रकान्यात फुकट गाणी उतरवून देणाऱ्या एका संकेतस्थळाचे नाव, अल्बमच्या रकान्यात पुन्हा तेच, वर्षाचा रकाना कोरा आणि चित्राच्या जागी त्या संकेतस्थळाचा शिक्का. गाणे मात्र सुरेख आहे. ढोलकीच्या साध्या ठेक्यावर दोन पुरुष आवाज आलटून पालटून गातात आणि दुसऱ्या कडव्यानंतर मागून मुलांचा झील, म्हणजे साथीचा सूर, येतो. ही पोरे कोणत्या गावची, हे दुकानदाराला सांगता आले नाही.

ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखणारी साधने अशा वेळी कामास येतील असे वाटते. म्युझिकब्रेन्झशी जोडलेल्या ‘अकाउस्टआयडी’ने ही फाइल तपासली. ही पद्धत गाण्याच्या आरंभीच्या साधारण 2 मिनिटांतून एक ठसा काढते आणि आपल्या साठ्यातील ठशांशी तो ताडून पाहते. साठ्यात जे कोणीतरी घातलेले असते तेवढेच तिला ओळखता येते. आमच्या दंडारीचा ठसा तेथे कोणी घातलेलाच नाही. गाणे ओळखू येण्यासाठी आधी त्याची नोंद कोणीतरी मनुष्याने करावी लागते, या गोष्टीला यंत्राची पळवाट नाही.

17 ऑक्टोबर 2024

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचा आठवडा नव्या प्रकाशनांचा असतो, याचा प्रत्यय आला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या तारखेला आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्यांत वाजवण्यासाठी गावोगावचे गायक एक किंवा दोन गीते ध्वनिमुद्रित करतात. दोन गीतांची ही जोडी मला या भागातील सर्वांत नेटके लघुप्रकाशन वाटते: पहिले गीत चळवळीचे आणि जोशाचे, दुसरे बहुधा रमाईवरचे किंवा आईवरचे, संथ लयीतले. दोन्ही एका दिवसात मुद्रित झालेली असतात आणि आवाजातील थकवा दुसऱ्या गीताला साजून दिसतो.

यांपैकी जी प्रकाशने वितरकामार्फत, म्हणजे गायकाचे गाणे अशा सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, गेली, ती यूट्यूबवर ‘टॉपिक’ असे शेपूट लावलेल्या आपोआप तयार झालेल्या वाहिनीवर दिसतात. त्यांच्याखालचे वर्णन सहसा कोणी उघडत नाही. माझ्यासाठी तेच सर्वांत उपयुक्त ठरले आहे. कोणत्या वितरकाने गाणे पुरवले, ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणाच्या नावे आहे, प्रकाशनाची तारीख कोणती आणि वितरकाला कळवलेले असल्यास गीतकार व संगीतकार कोण, हे सारे त्या काही ओळींत असते. एका भीमगीताखाली संगीत संयोजकाचे नाव होते. ते नाव शोधपेटीत टाकले तेव्हा ब्रह्मपुरीकडची आणखी काही प्रकाशने निघाली. त्यांतील एकाखाली ढोलकीवादकाचे नाव, आणि त्या नावाने पुढे एक भजनांची ईपी मिळाली, जी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडली नसती.

यापुढे शोध नावांच्या मागे जाईल. गाण्याच्या शीर्षकावरून शोधले, तर तेच पारंपरिक पद गाणारी शेकडो गाणी समोर येतात. गायकाच्या नावावरून शोधले, तर तेवढाच गायक मिळतो. वादक, संयोजक आणि मुद्रण करणारा यांच्या नावावरून शोधले, तर सबंध परिसर उघडतो, कारण ढोलकी चांगली वाजवणारे हात थोडे असतात आणि ते सगळ्यांकडे वाजवतात.

11 नोव्हेंबर 2024

भाऊबीज झाली आणि मंडयांचा हंगाम सुरू झाला. दिवसा दंडार किंवा खडी गंमत (तमाशासारखे लोकनाट्य), रात्री नाटक असा गावोगावी कार्यक्रम आहे. वडशाला नाटक मंडळांच्या कार्यालयांतून फिरलो. झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपासपर्यंत जोरात चालते. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरच्यांचे इकडे थोडे लक्ष गेले आहे, पण ते लक्ष नटांपुरते आहे. रंगमंचाच्या पुढ्यात बसून रात्रभर ऑर्गन, तबला, ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावे हस्तपत्रकाच्या तळाशी, तीही जागा उरली तर, छापली जातात.

तरीही ही हस्तपत्रके माझ्या कामाची आहेत, म्हणून जेवढी मिळाली तेवढी गोळा केली. एका पत्रकावर गायिकेच्या नावापुढे तिच्या यूट्यूब वाहिनीचे नाव होते. तिने नाटकातील गाणी सोडून चार स्वतंत्र गाणी काढली आहेत. चारही गाणी नाटकाच्या ढंगात, उंच पट्टीत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा फेकीने गायलेली आहेत. शहरातील ध्वनिमुद्रणाची सवय झालेल्या कानाला ती प्रथम फार मोठ्याने गायलेली वाटतील. मला ती तशीच आवडली. उघड्या मंडपात, हजारोंच्या समोर रात्री दोन वाजता गाणाऱ्या बाईने मायक्रोफोनशी कुजबुजत का गावे?

तिचा ढोलकीवादक वयस्कर आहे, त्याला सगळे काकाजी म्हणतात. वादकांची नावे नोंदवण्याविषयी त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, “आमचं नाव कोन वाचते, भाऊ?” त्याच्या नावावरून मी किती गाण्यांपर्यंत पोहोचलो, हे त्याला मोबाइलवर एकेक गाणे लावून दाखवले. त्यांतील काही आपण वाजवल्याचे त्याच्या लक्षातही नव्हते. ठेका ऐकून मात्र तो लगेच ओळखत होता, आणि कोणत्या गाण्यात हात आपला नाही, हेही त्याने न विचारता सांगितले. वर्णनात नाव नसलेल्या गाण्यांच्या नोंदी यामुळे पूर्ण झाल्या.

1 डिसेंबर 2024

या पट्ट्यातील बरीच प्रकाशने ज्या एका घरगुती स्टुडिओत झाली आहेत, तेथे आज दिवसभर थांबलो. घराच्या मागच्या अंगाची खोली, भिंतींना टांगलेल्या गोधड्या, खिडकीला उभी लावलेली गादी, एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि लॅपटॉप, एवढाच सरंजाम आहे. ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी पंखा बंद, शेजारच्या खोलीतील फ्रिज बंद, आणि लॅपटॉपचे चार्जर काढून तो बॅटरीवर घेतला जातो, म्हणजे विजेची घरघर गाण्यात उतरत नाही.

आज खंजिरी भजनाचे मंडळ आले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीच्या साथीने भजने गात सारा प्रांत जागवला, 1942 मध्ये येथून जवळच्या चिमूरला स्वातंत्र्याच्या लढ्याचा जो भडका उडाला त्याच्याशी त्यांच्या भजनांचे नाते सांगितले जाते, आणि त्यांच्यामागे ही परंपरा गावोगावच्या मंडळांनी आणि खंजिरी भजन स्पर्धांनी जिवंत ठेवली आहे. मुद्रणाच्या दृष्टीने मात्र खंजिरी अवघड वाद्य आहे. कातड्यावरची थाप खर्जातली आणि कडेच्या चकत्यांचा आवाज अतिशय तीक्ष्ण; तो क्षणार्धात उसळतो आणि पडद्यावरचा काटा त्याच्यामागे राहतो. काटा ठीक दिसत असतानाही चकत्यांचा आवाज फाटलेला असू शकतो. स्टुडिओचालक तरुणाने मायक्रोफोन दीड हात दूर आणि खंजिरीच्या तोंडावरून थोडा तिरका ठेवला, पातळी मुद्दाम खाली ठेवली आणि 24 बिटमध्ये मुद्रण घेतले. इतक्या बारकाईच्या मुद्रणात हळू घेतलेला आवाज नंतर वाढवला तरी सरसर ऐकू येत नाही. आतापर्यंत ऐकलेल्या खंजिरी प्रकाशनांत या स्टुडिओतील खंजिरी वेगळी ओळखू येते, तिचे कारण या दीड हातात आहे.

प्रकाशने छोटी का निघतात, याचेही उत्तर येथे मिळते. स्टुडिओचे पैसे तासावर आहेत, मंडळातील माणसे धानाच्या कामातून अर्धा दिवस काढून आलेली असतात, आणि वर्गणीत बसेल तेवढेच भजन मुद्रित होते. कमाईचा हिशेबही गाणी वाढवण्याच्या बाजूने नाही. 2024 पासून स्पॉटिफायवर मागील 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनाच्या वाटणीत धरलेच जात नाही. मंडळांना त्याचे सोयरसुतक नाही, कारण त्यांना गाणे हवे असते ते जयंतीच्या मिरवणुकीसाठी आणि स्वतःच्या समाधानासाठी.

22 डिसेंबर 2024

एकच ध्वनिमुद्रण सिंगल म्हणून, नंतर ईपीत आणि पुन्हा कोणाच्या तरी संकलनात, असे तीन ठिकाणी आढळते. त्यांचा मेळ घालण्यासाठी ‘आयएसआरसी’ हा 12 अक्षरांचा संकेत नोंदवू लागलो आहे. पहिली दोन अक्षरे संकेत घेणाऱ्याची नोंदणी कोठली ते सांगतात, पुढची तीन त्या घेणाऱ्याची ओळख, मग वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकड्यांचा अनुक्रमांक. मुद्रण तेच असेल तर प्रकाशन बदलले तरी संकेत बदलू नये, असा नियम आहे. भारतात हे संकेत इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, परंतु आमचे गायक परदेशी वितरकाकडून आपोआप मिळणारा संकेत घेतात, आणि म्हणून सिंदेवाहीकडच्या भजनावर अमेरिकेचा क्यू-झेड दिसतो. त्या अक्षरांवरून गाण्याचे मूळ ठरवू नये, अशी सूचना सूचीच्या आरंभी लिहिली.

12 जानेवारी 2025

एका निवृत्त गुरुजींच्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिका पाहायला मिळाल्या. त्यांत 7 इंची, मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या ईपी आहेत, प्रत्येक बाजूला दोन गाणी. हा आकार 1949 मध्ये आरसीए व्हिक्टरने बाजारात आणला आणि 1952 पासून त्यावर जास्त गाणी बसवून ईपी निघू लागल्या. त्याआधीच्या 78 फेऱ्यांच्या 10 इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे 3 मिनिटेच मावत. तबकडीच्या मधल्या कागदावर गीत, संगीत आणि स्वर ही तीन नावे बारीक पण स्पष्ट छापलेली आहेत. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर यापेक्षा कितीतरी अधिक जागा असून तेथे एकच नाव दिसते.

भारतातील अगदी आरंभीच्या मुद्रणांतली एक रीत मला आमच्या कामासाठी जशीच्या तशी उचलावीशी वाटते. 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत असत आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, यासाठी ती सोय होती. कागद हरवला तरी नाव ध्वनीतच राहत असे. मेमरी कार्डावरच्या ‘ट्रॅक 07’ला नेमके हेच हवे होते.

आता स्टुडिओतील तरुणाशी असे ठरले आहे की मुद्रण संपल्यावर, मायक्रोफोन बंद करण्यापूर्वी, मंडळातील प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि वाद्य सांगायचे. प्रकाशनासाठी जाणाऱ्या प्रतीतून तो भाग कापला जाईल, मूळ प्रतीत तो राहील, आणि सूचीसाठी मूळ प्रतीची एक नक्कल वाचनालयात येईल. हा केवळ सौजन्याचा भाग नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 38 ब आले, आणि आपल्या सादरीकरणाचा कलावंत म्हणून आपली ओळख दिली जावी असा हक्क सादरकर्त्याला मिळाला; हा हक्क खंजिरी वाजवणाऱ्यालाही आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे 1964 पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणे या 1 जानेवारीला त्या हक्कातून मोकळी झाली. गीत आणि चाल यांचे हक्क मात्र स्वतंत्रपणे मोजावे लागतात, म्हणून गुरुजींच्या तबकड्यांची आम्ही फक्त नोंद घेत आहोत, नक्कल नाही.

16 फेब्रुवारी 2025

कुरखेडा आणि कोरची भागातील गोंडी गाण्यांकडे वळलो. रेला गीतांची, म्हणजे गोंडी सामूहिक नाचगाण्यांची, लहान लहान प्रकाशने तेथील तरुण मुले-मुली काढत आहेत. काहींत पारंपरिक ढोलाबरोबर कीबोर्ड आहे, काहींत नुसते पायांचे ठेके आणि सामूहिक गायन. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29.8 लाख आहेत, तरीही एका वितरकाच्या अर्जावर भाषेच्या यादीत गोंडी नव्हती, म्हणून एका गटाने ‘मराठी’ आणि दुसऱ्याने ‘हिंदी’ निवडले. परिणामी गोंडी म्हणून शोधले तर ती गाणी मिळत नाहीत. आमच्या सूचीत भाषेचा रकाना गाणाऱ्याला विचारून भरला जातो आणि त्यापुढे गोंडीचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतही लिहिला जातो.

शीर्षके देवनागरीत लिहिताना प्रत्येकाने उच्चार आपल्या परीने बसवला आहे. भाषा येत नसताना मी त्यांत काहीही दुरुस्त करणार नाही. गायकाने लिहिले तेच शीर्षक राहील. एका पारंपरिक रेला गीतावर यूट्यूबच्या स्वयंचलित व्यवस्थेने दुसऱ्याच कोणाचा हक्क दाखवल्याचे गटातील मुलीने सांगितले. हरकत नोंदवताना तिने मूळ प्रतीतील नावांचा भाग आणि मुद्रणाची तारीख पुराव्यादाखल जोडली. तो दावा मागे घेतला गेला, याचे मला मनापासून समाधान आहे.

16 मार्च 2025

सर्व दुवे तपासून घेतले. जुन्या हस्तपत्रकांवर आणि पोस्टरांवर छापलेले विंक आणि रेसो या गाणी ऐकवणाऱ्या ॲपचे दुवे मृत झाले आहेत; रेसो भारतात 31 जानेवारी 2024 रोजी बंद झाले आणि विंकही त्याच वर्षी. ज्या गायकांनी तेवढाच दुवा लोकांना दिला होता, त्यांची गाणी इतरत्र असूनही श्रोत्यांच्या लेखी संपली. म्हणून सूचीत दुवा हा शेवटचा रकाना केला आणि नावे, अवधी, मुद्रणस्थळ, प्रसंग, संकेत हे आधी घेतले. गायकाची लेखी संमती असेल तेथे मूळ प्रत बाह्य हार्ड डिस्कवर आणि इंटरनेट अर्काइव्हवर अशी दोन्हीकडे ठेवत आहोत. मंडळांकडून चित्रफिती मागवताना त्या व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि चकत्यांच्या आवाजाची रया जाते.

20 एप्रिल 2025

भीमजयंतीची प्रकाशने तपासून झाली. त्या स्टुडिओतून निघालेल्या बहुतेक गीतांखाली या वेळी ढोलकी, ऑर्गन, कोरस आणि ध्वनिमुद्रण यांची नावे आहेत. वितरकाच्या अर्जात वादकांसाठी रकाने आधीपासूनच होते. ते भरायला कोणी सांगत नव्हते, एवढेच. रॅप करणारी मुलेही आता येऊ लागली आहेत. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचे मराठी रॅप ऐकून त्यांना हुरूप आला आहे. त्याचे मंचावरचे नाव 100 हा आकडा आणि तीन रोमन अक्षरे मिळून ‘सौरभ’ असे वाचले जाते. आमच्याकडची मुलेही अशीच आकडे मिसळलेली नावे घेतात, आणि देवनागरीत शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. त्यांच्या नोंदीत मंचावरचे नाव, त्याचा देवनागरी उच्चार आणि गाव अशा तीन गोष्टी घेतल्या. त्यांतील एका मुलाच्या तीन गाण्यांच्या प्रकाशनात दुसऱ्या गाण्यामागे काकाजींची ढोलकी आहे. मुलाने ती मेमरी कार्डावरच्या दंडारीतून कापून घेण्याचे ठरवले होते. नाव कळल्यावर तो थेट वडशाला गेला आणि काकाजींना स्टुडिओत घेऊन आला.

‘ट्रॅक 07’ची पहिली दोन कडवी त्या दिवशी काकाजींना ऐकवली. ढोलकी कोणाची हे त्यांनी सांगितले; वाजवणारा अर्जुनी मोरगावकडचा आहे. त्याला भेटून गायकांची नावे विचारायची आहेत. कोरची भागातील शीर्षके गोंडी जाणणाऱ्या शिक्षिकेसोबत वाचून काढायची आहेत. म्युझिकब्रेन्झमध्ये ज्यांची संमती आली त्यांच्या नोंदी याच आठवड्यात सुरू करतो; प्रत्येक नोंदीत वादक आधी, दुवा नंतर.